सगळ्यात मोठी भेग

१२ जानेवारी २०२५, रविवार

सकाळी अमोलचा फोन झाला. त्याने एकदाचं सांगून टाकलं. मेमध्ये या, हवं तेवढं राहा, पण फिरायला मला चारच दिवस मिळतील, त्यामुळे ठिकाण एकच होईल. नायगारा, नाहीतर ग्रँड कॅन्यन. दोन्ही डॅलसपासून लांब आणि दोन्ही दोन टोकांना. "तुम्ही दोघं ठरवा आणि मला सांगा. भांडू नका," म्हणाला. मागून निकिता हसली. सून असून ती आमची भांडणं मुलापेक्षा जास्त ओळखते.

मागच्या वेळी सृष्टीच्या जन्माला गेलो होतो. तेव्हा अमेरिका म्हणजे बाळाची दुपटी आणि खिडकीतून दिसणारी गाड्यांची रांग. बाकी काही पाहिलं नाही. नात आता शाळेत जाते, व्हिसा अजून चालू आहे आणि गुडघेही चालू आहेत. आता नाही बघितलं तर कधी बघणार?

निकिताने ही डायरी दिवाळीत पाठवली होती. इतका गुळगुळीत कागद की लिहायला जीव होत नव्हता. आज लिहायला घेतली.

मला नायगारा बघायचाय. यात लपवण्यासारखं काही नाही. माझं माहेर दिंडोरीकडचं, घरची फुलशेती. विहीर भावकीत वाटलेली. आपली पाळी आली की उठायचं, झेंडूला पाणी द्यायचं, पाळी संपली की मोटर बंद. शाळेत असताना नायगाऱ्याचं चित्र बघितलं होतं. तेव्हा मनात आलं होतं, या पाण्याला कुणाची पाळीच नाही! कुणी मोटर बंद करत नाही, ते आपलं पडतंय. ते एकदा समोर उभं राहून बघायचंय.

आमच्या ह्यांना कॅन्यन बघायचीय. हे ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी खात्यात होते. भिंग आणि दिवा घेऊन धातूतल्या भेगा शोधायच्या, हेच काम नोकरीभर केलं. केसाएवढी भेग दिसली तरी तो भाग बाद. ते बसायचे तिथे कुणीतरी कॅन्यनचं चित्र लावलं होतं. तेव्हापासून म्हणतात, "आयुष्यभर भेगा शोधून माल बाद केला. आता जगातली सगळ्यात मोठी भेग बघायची. तिला बाद करायचं नाही, नुसतं बघायचं."

म्हणजे एकमत होणं कठीण आहे.

१९ जानेवारी, रविवार

आठवडाभर वाद घातला. मजेतच. मी म्हटलं, दरी बघायला अमेरिकेला कशाला, त्र्यंबकच्या वाटेवर थांबू आणि ब्रह्मगिरीकडे बघू. हे म्हणाले, मग धबधब्यासाठी पावसाळ्यात सोमेश्वरला रिक्षा करून देतो, वर भजी खाऊ घालतो.

सायली हार ओवताना हसत होती. सायली माझ्याकडे कामाला येते. इंदिरानगरात माझे लग्नाचे हार बरे चालतात. फुलं माहेरून, माझ्या भावाकडून, गेणूकडून येतात. गुलाब निवडून द्यायचं काम निवृत्तीनंतर ह्यांनी आपणहून घेतलंय. डागाळलेली पाकळी ह्यांच्या हातून सुटत नाही. सायली त्यांना मागे 'साहेब' म्हणते आणि तोंडावर 'काका'.

२ फेब्रुवारी, रविवार

आज नको तो तमाशा झाला. गॅलरीला नवीन ग्रिल बसवलंय. हे दोन दिवस कुरकुरत होते की मधले गज वाकडे आहेत. शेवटी महेशला बोलावलं. त्यानेच ग्रिल बसवलं होतं. बिचारा दुकान सोडून आला. म्हणाला, "काका, सरळ आहेत हो."

"मला शिकवतोस? मध्ये पोट आलंय त्याला."

मी बघितलं. मला तर सरळच दिसत होते. हे आत गेले, पेटीतून स्वतःचा ओळंबा काढला आणि गजाशेजारी दोरा सोडला. खाली वजन, दोरा ताठ. बघत राहिले. मान एका बाजूला करून बघितलं, मग दुसऱ्या बाजूला. मग हळूच म्हणाले, "दोराच वाकडा दिसतोय."

मला हसू आलं. वजन लावलेला दोरा कसा वाकडा असेल? महेशही हसला. हे हसले नाहीत. ओळंबा गुंडाळला, पेटीत ठेवला आणि महेशला म्हणाले, "ठीक आहे. राहू दे." महेश चहा न घेता गेला.

नोकरी संपली की पुरुषांना घरातल्या भिंतींत दोष दिसायला लागतात, असं आमच्या शेजारीणबाई म्हणतात. तसंच असेल.

९ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा. अमोल फोनवर विचारत होता, काय ठरलं? मी तोंड उघडणार तेवढ्यात हे म्हणाले, "नायगारा."

मला वाटलं मस्करी. म्हटलं, "आणि तुमची भेग?"

"ती कुठे पळून जातेय? सिंधूला पाणी बघायचंय. नायगाराच करू."

अमोल म्हणाला, "वा बाबा!" इतक्या वर्षांत ह्या माणसाने गाडीतली खिडकीची जागासुद्धा मला कधी वाद घातल्याशिवाय दिली नाही. दुपारभर हार ओवताना मी मनातल्या मनात गुणगुणत होते. सायली म्हणाली, "काकू, आज काय स्वारी खुशीत?" सांगितलं नाही. असं कुणाला सांगितलं तर त्याचं हसू होतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

एका गिऱ्हाइकाचा फोन आला. नवरदेवाच्या हारात डागाळलेले गुलाब निघाले. मी माफी मागितली, पैसे परत केले. ह्यांना म्हटलं, "लक्ष कुठे असतं?" तर म्हणाले, "मला कंटाळा आलाय या कामाचा. उद्यापासून सायलीला सांग."

तसं बरंच काही सोडलंय ह्यांनी. स्कूटर काढत नाहीत, म्हणतात चालणं चांगलं. सकाळचा पेपर वाचत नाहीत, म्हणतात सगळ्या खोट्या बातम्या. माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतात, आणि मग खोट्या बातम्या शेवटपर्यंत ऐकतात.

आणखी एक गोष्ट. लिहू की नको असं झालं होतं. हे हल्ली माझ्याशी बोलताना माझ्या तोंडाकडे बघत नाहीत. माझ्या कानाकडे बघतात. आधी वाटलं, कुडी पडली की काय. पण रोजच. मी समोर बसले की नजर थोडी बाजूला जाते. नायगारा दिला, पण बघायला जड जातंय असं काही आहे का? की मीच आता बघण्यासारखी राहिले नाही? साठी ओलांडलेल्या बाईने असं लिहू नये. पण ही डायरी माझी आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

गेणू फुलं घेऊन आला होता. जाताना मला जिन्यात बोलावून म्हणाला, "आक्का, दाजींचं काय बिनसलंय का? परवा फूल बाजाराबाहेर समोरासमोर आलो, मी हात केला, तर माझ्याकडं बघून सरळ पुढं गेले. माझं काय चुकलं आसंल तर सांग."

"काही नाही रे. विचारात असतील."

"लय विचारात व्हते मग," तो म्हणाला. वाईट वाटलं होतं त्याला.

घरात येऊन ह्यांना विचारलं. म्हणाले, "गेणू? मला नाही भेटला." वर आवाज चढवून, "गर्दीत काय सगळ्यांना राम राम करत फिरू?"

माझ्या मनात आता एकच येतं. ह्यांनी आपली हौस माझ्यासाठी मारली आणि ती आता आतून खातेय. म्हणून हा राग, हा कंटाळा. माझ्यावरही आणि माझ्या भावावरही.

२ मार्च, रविवार

मी ठरवलं. हे अंघोळीला गेले असताना अमोलला फोन केला. त्याला सांगितलं, कॅन्यनचं बुकिंग कर, बाबांना मी सांगेन.

"आई, पण तुला नायगारा..."

"माझं मी बघते. त्यांनी माझ्यासाठी सोडलं, मी त्यांच्यासाठी सोडते. त्यांचा चेहरा कसा होतो ते मला बघायचंय."

थोडं रडू आलं. नायगाऱ्यासाठीच आलं, दुसऱ्या कशासाठी नाही. मी काही संत नाही. पण फोन ठेवल्यावर हलकंही वाटलं.

१६ मार्च, रविवार

आज सांगितलं. अमोलने हॉटेलचा फोटो पाठवला होता, दरीच्या काठावरच. मी जेवणात शिरा केला आणि मग म्हटलं, "नायगारा रद्द. आपण कॅन्यनला चाललोय. बुकिंग झालंय."

मला वाटलं होतं, हसतील. निदान 'वेडी आहेस' म्हणतील. ह्यांच्या हातातला घास तसाच राहिला. चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"मला विचारलं होतंस?"

"अहो, तुमच्यासाठीच..."

"कुणी सांगितलं होतं माझ्यासाठी काही करायला? नायगारा ठरला होता ना? मग?" आणि उठले. चप्पल घालून बाहेर गेले. उठताना पाण्याच्या तांब्याला हात लागून सगळं पाणी माझ्या ताटात.

संध्याकाळपर्यंत आले नाहीत. मी कोपऱ्यावरच्या बागेत जाऊन बघितलं तर बाकावर बसले होते. मी समोर उभी राहिले तरी काही बोलले नाहीत. मीच "अहो" म्हटल्यावर दचकले.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. खाली मुलं रहाडीवर, रंगाच्या हौदात उड्या मारायला जायच्या गोष्टी करत होती. घरात रंगही नाही आणि बोलणंही नाही. ह्यांनी अमोलला आपणहून फोन करून कॅन्यन रद्द कर म्हणून सांगितलं. अमोल वैतागला. म्हणाला, दोघांचं एक ठरेपर्यंत मी कशालाच हात लावत नाही.

अमेरिका बाजूला राहिली. माझ्याच घरात मला काहीतरी कळत नाहीये.

२३ मार्च, रविवार

हे झोपल्यावर ओट्यावर डायरी टेकवून लिहितेय. अक्षर वाईट येईल.

सकाळी नेहमीसारखा व्हिडिओ फोन. सृष्टीने चित्र काढलं होतं. तिच्या बाबाने तिला कॅन्यनबद्दल सांगितलेलं, तर तिने दरी काढली, काठावर आम्ही सगळे, आणि दरीत उतरणारी खेचरांची एक रांग. कागद कॅमेऱ्यासमोर धरून म्हणाली, "आजोबा, यात मी कुठे आहे, सांगा."

"छान आहे गं."

"नाही, कुठे आहे ते सांगा ना!"

ह्यांनी फोन जवळ घेतला, मान तिरकी केली, मग लांब धरला. मग बोट ठेवलं. "ही काय, इथे."

सृष्टी खो खो हसली. "आजोबा, ते म्यूल आहे!" अमोल हसला. मीही हसत होते. निकिता हसली नाही. म्हणाली, "बाबा, तुम्हाला चित्र नीट दिसतंय ना?"

"तुमचंच नेटवर्क खराब आहे," म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला. माझ्या हातात चित्र स्वच्छ दिसत होतं. सृष्टीने स्वतःला लालभडक फ्रॉकमध्ये काढलं होतं, आमच्या सगळ्यांपेक्षा मोठं. चुकायला जागाच नव्हती.

फोन ठेवला. मी ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. नुकतं तोंड धुतलं होतं, कपाळ मोकळंच होतं.

"माझ्याकडे बघा. आज मी कुठली टिकली लावलीय?"

"आता हे काय नवीन?"

"सांगा."

"लाल. नेहमीची."

मी काही बोलले नाही. हे थांबले, आणि त्यांना कळलं. हात पुढे करून माझ्या कपाळाला बोट लावून बघितलं. मग बोट तिथेच राहिलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून उजवा. आता डावाही बिघडतोय. सरळ रेघ वाकडी दिसते. मध्ये धुरकट डाग आहे, बघेन तिथे तो जातो."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? माझ्या डोळ्यावर विमानं सोडायचे गं. मी बघितलं म्हणजे बघितलं. कुणी दुसऱ्यांदा तपासायचं नाही. आता ग्रिलचा गज कळत नाही, हे कुणाला सांगू?"

मग नायगाऱ्याचं सांगितलं. म्हणाले, "तिथे आवाज असतो. तोंडावर पाणी उडतं. मी नुसता उभा राहिलो असतो, हसलो असतो, आणि तुम्हाला कुणाला कळलं नसतं. कॅन्यनला काय करणार होतो? तिथे फक्त बघायचं असतं."

म्हणजे माझ्यासाठी नव्हतंच ते. मला आधी राग आला. खरंच आला. महिनाभर मी त्या एका वाक्यावर फुलत होते. मग म्हटलं, "आणि माझ्या तोंडाकडे का बघत नव्हता? मी काय काय विचार केला माहितीय?"

हे गोंधळले. "तुझ्याकडेच बघत होतो की. सरळ बघितलं की तू जातेस. कानाकडे बघितलं की येतेस."

पुढचं लिहिता येत नाही.

२५ मार्च, मंगळवार

डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण आहेत पण घाई केली नाही. पडद्याचे फोटो काढले, आम्हाला दाखवले. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होतोय, खाली पाणी साचतंय. उजव्या डोळ्यातला डाग जुना झालाय, तिथली मधली नजर परत येणार नाही. डाव्यात मात्र सुरुवात आहे. दर महिन्याला इंजेक्शन दिलं तर राखता येईल, थोडं सुधारेलही.

"इंजेक्शन कुठे?" मी विचारलं.

"डोळ्यात."

मलाच घाम फुटला. हे शांत होते. "पूर्ण आंधळा होईन का?" एवढंच विचारलं.

"नाही काका. या आजारात मधलं जातं, कडेचं राहतं. तुम्ही घरात फिराल, रस्त्याने चालाल. पण आधी यायला हवं होतं."

ह्यांनी मान खाली घातली. त्यांच्याइतकीच मीही उशिरा आले होते. रोज समोर बसत होते तरी.

पहिलं इंजेक्शन आजच दिलं. मी बाहेर बाकावर बसले होते. बाहेर आले तेव्हा डोळ्यावर पट्टी. म्हणाले, "मुंगी चावल्यासारखं. उगाच घाबरली होतीस."

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढीचा हार मीच केला, आणि गाठी बांधायला ह्यांना सांगितलं. बोटांना सगळं कळतं.

अमोलला सगळं सांगून झालंय. तो म्हणाला, या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी बघू. निकिता म्हणाली, तुम्ही या, फिरायचं मागाहून ठरवू. मी डॉक्टरीणबाईंना आधीच विचारून ठेवलं होतं. तिसरं इंजेक्शन मेच्या मध्यावर होईल, त्यानंतर दीड महिना जायला हरकत नाही. तीन महिने राहायचा बेत आम्ही तेवढ्यावर आणलाय.

मी म्हटलं, "मग नायगाराच करूया. तुम्ही म्हणालात तसं, तिथे आवाज आहे, पाणी आहे..."

श्रीखंडाची वाटी बाजूला सारून हे म्हणाले, "म्हणजे मला ऐकायला नेणार?"

"तसं नाही हो."

"तसंच आहे. लपायचं होतं तेव्हा मला नायगारा बरा होता. आता लपवायचं काय राहिलंय?" मग म्हणाले, "डॉक्टरीण काय म्हणाली? मधलं गेलं, कडेचं राहिलं. कॅन्यन म्हणजे काय असतं? सगळे कडेच. इकडचा कडा, तिकडचा कडा. माझ्या नजरेच्या मापाची जागा आहे ती."

आणि स्वतःच हसले. बऱ्याच दिवसांनी. मी विचारलं, "नक्की? तिथे जाऊन वाईट वाटलं तर?"

"वाटलं तर वाटलं. घरी बसून कमी वाटणारंय का?"

कॅन्यन ठरली. आता हे फक्त इथे लिहिते. मला नायगारा हवा होता आणि अजून हवाय. अमोल म्हणतो पुढच्या खेपेला, पण ती खेप कधी, कुणाच्या कुठल्या तब्येतीत, ते कुणाला माहीत? तरी या वेळी मी दिलं ते सगळं कळून दिलं. मागच्या वेळी ह्यांच्या मनातलं मीच मनाने ठरवून टाकलं होतं.

१९ एप्रिल, शनिवार

ऊन भयंकर. हार दुपारपर्यंत कोमेजतात म्हणून सकाळीच उरकतो. दुसरं इंजेक्शन झालं. गेणू आला होता, त्याला ह्यांनी स्वतः सांगितलं. "गेणू, त्या दिवशी तू दिसलाच नाहीस रे. डोळे गेलेत माझे."

गेणूने मान हलवली. "दाजी, मंग आधी सांगायचं का नाय? मी आलो आसतो हात धरायला." मग दोघं बाजारभावावर बोलत बसले. एवढंच झालं, पण गेणू जिन्यात थांबला नाही, थेट हसत गेला.

आज गॅलरीत उभं राहून, उजवा डोळा हाताने झाकून, हे म्हणाले, "पोट कमी झालंय गजाचं." महेशला फोन करून माफी मागितली. मला वाटतं, आमच्या लग्नात मी ऐकलेली ही ह्यांची पहिली माफी. माझी अजून बाकी आहे म्हटलं. म्हणाले, "तुझी मोठी आहे. हप्त्याने देतो."

१८ मे, रविवार. डॅलस

पोचलो. विमानतळावर सृष्टी धावत आली आणि आजोबांच्या थेट नाकासमोर उभी राहिली. निकिताने तिला काय सांगून ठेवलं होतं कोण जाणे, ती लगेच दोन पावलं बाजूला सरकली आणि म्हणाली, "आता दिसते?"

"आता दिसतेस," हे म्हणाले. घरातही ती तशीच बाजूला उभी राहून बोलते. शिकवलेलं वाटत नाही, तिचा तो खेळच झालाय.

अमोल वजनाने वाढलाय. तो बापाकडे चोरून बघत असतो. बाथरूममध्ये बल्ब मोठा लावून ठेवलाय, जिन्याच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवलीय. ह्यांनी पट्टी पाहिली. मग अमोलच्या पाठीवर एक थाप मारली.

२५ मे, रविवार. ग्रँड कॅन्यन

संध्याकाळ झालीय, खोलीत बसून लिहितेय. शेजारच्या खोलीत सृष्टी पलंगावर उड्या मारतेय, भिंतीतून ऐकू येतं.

विमान, मग गाडीचा लांब रस्ता. वाटेत सगळं सपाट. पाइनची झाडं, मग आणखी झाडं. मला तर वाटायला लागलं की इथे दरी बिरी काही नाही, अमोल रस्ता चुकलाय. गाडी उभी केली, झाडांमधून चालत गेलो आणि एकदम जमीन संपली.

मी ह्यांचा दंड धरला होता. कठड्याशी नेलं. त्यांचा हात कठड्यावर ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. रात्रीपासून मनात तयारी केली होती. म्हटलं, कसं दिसतं ते सगळं मी सांगायचं, काही सुटायला नको. "समोर लाल आहे, विटेसारखं. त्याच्याखाली पिवळट पट्टा आहे. मग परत तांबडं. खूप खाली हिरवट काहीतरी चमकतंय, नदी असेल. उजवीकडे एक सुळका आहे, देवळाच्या कळसासारखा. डावीकडे सावली पडलीय, निळी..." मी थांबतच नव्हते. एकेक थर मोजत होते. आणि सारखी ह्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, की काय होतंय, दिसतंय का, वाईट वाटतंय का.

हे मान हळूहळू फिरवत होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत. नजर कुठेच टेकवत नव्हते. वाऱ्याने केस उडत होते. अमोल मागे सृष्टीला घट्ट धरून उभा होता.

"आणि तिकडे बघा, म्हणजे तिकडे ढगाची सावली सरकतेय, ती आता..."

"सिंधू."

"काय हो? काय झालं?"

"थोडा वेळ सांगू नकोस." आवाज अगदी मऊ होता. "मला बघू दे."

मी गप्प झाले. हात त्यांच्या दंडावर तसाच होता, तो काढून घेतला. त्यांनी थांबवलं नाही. कठड्याला दोन्ही हात लावून हे एकटे उभे राहिले, मान तिरकी, तोंड थोडं उघडं. काय दिसत होतं, किती दिसत होतं, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

मग मला कळेना, आता मी काय करू. सांगायचं काही नव्हतं, धरायचं काही नव्हतं. तेव्हा कुठे मी स्वतः समोर बघितलं.